अंतर कोणी ठरवायचं?

सापाला घाबरणाऱ्याला आपल्याकडे कोणी वेडं म्हणत नाही. विंचवाला घाबरणाऱ्याला तर नाहीच. पण खिडकीत चिमणी आली म्हणून घामाघूम होणाऱ्या बाईला अख्खं घर हसतं. मानसशास्त्रात या भीतीला ऑर्निथोफोबिया असं नाव आहे, आणि प्राण्यांविषयीच्या भयगंडांमध्ये तिची रीतसर गणना होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, नेवासे तालुक्यात हयात घालवलेली एक आत्या आणि नगरला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी तिची भाची, या दोघींमधलं हे बोलणं आहे. याच भीतीसाठी आत्याने नगरमधल्या एका समुपदेशक बाईंकडे जायला सुरुवात केली होती. मध्येच तिने ते सोडलं. सोडलं ते बरोबर की चूक, यावर दोघींचं एकमत नव्हतं.

आत्या : तोच विषय काढणार असशील तर चहा घे आणि दुसरं काहीतरी बोल. माझी साठी उलटली. आजवर ज्याच्यावाचून अडलं नाही, ते आता कशाला शिकायचं?

भाची : अडलं नाही असं कसं म्हणतेस, आत्या? उन्हाळ्यात सगळ्या गल्लीची वाळवणं गच्चीवर असतात आणि तुझ्या कुरडया घरात पंख्याखाली वाळतात. शाळेत होतीस तेव्हा प्रार्थना मैदानावर आणि तू व्हरांड्यात. घोडेगावच्या आठवडी बाजारात कोंबड्या विकायला बसतात, ती ओळ टाळायला तू मागून वळसा घालतेस. घराच्या प्रत्येक खिडकीला जाळी आहे ती डासांसाठी नाही, आणि तुझ्या हातात सदा छत्री असते ती उन्हापावसासाठी नाही.

आत्या : वळसा घालून बाजार होतोच की! तुझ्या आजीने जन्मात कधी विहिरीत डोकावलं नाही. तिला कोणी समुपदेशकाकडे धाडलं नाही. प्रत्येकाचं काहीतरी टाळायचं असतं. मी माझं टाळते, कुणाला त्रास देत नाही.

भाची : टाळण्याचाच हिशेब मांडू. कोंबड्यांची ओळ दिसली, छातीत धडधडलं, तू वळलीस, धडधड थांबली. त्या सुटकेतून तुझं मन काय शिकलं? ‘वळले म्हणून वाचले.’ न वळता काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही. म्हणून टाळण्याने भीती जागच्या जागी राहत नाही, ती वाढते. आधी कोंबडी, मग कावळा, मग पारवा, मग नुसतं जमिनीवर पडलेलं पीस.

आत्या : हे तू पुस्तकातलं सांगतेस. माझ्या तोंडावर कोंबडी उडाली होती, हे तुला ठाऊक आहे. वस्तीवर पिलांची कोंबडी होती. मी पाच-सहा वर्षांची असेन, एक पिलू उचलायला वाकले. पुढचं मला दिसलंच नाही. नुसती फडफड. नाकात धूळ, तोंडात पिसं, आणि डोळे घट्ट मिटलेले. चोचीचं मला काही वाटलं नव्हतं गं. ती फडफड! ती कुठून येईल आणि कुठे जाईल, याचा काही नेमच नाही.

भाची : पक्ष्यांना घाबरणारी बरीच माणसं हेच सांगतात. चोच किंवा नखं नाहीत, पंखांची अचानक झेप. कुत्रा येताना दिसतो, त्याच्या वाटेचा अंदाज बांधता येतो. पक्षी क्षणात दिशा बदलतो. त्यामुळे तुझी भीती मला बिनबुडाची कधीच वाटली नाही.

आत्या : मग पुढचंही ऐक. माझी भीती मोडायची म्हणून घरातल्याच एका मोठ्या माणसाने भर अंगणात माझे हात धरले आणि कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली. सगळे हसत होते. ‘बघ, काही करते का?’ कोंबडीने काहीच केलं नाही. पण मी तापाने फणफणले. त्या दिवसापर्यंत मी फक्त कोंबडीला घाबरत होते. त्यानंतर उडणाऱ्या प्रत्येक जिवाला घाबरू लागले. आता तुम्ही शिकलेली माणसं पुन्हा तेच करायला निघालात. फक्त कोंबडीच्या जागी समुपदेशक बाई!

भाची : तो उपाय नव्हता, आत्या, ती जबरदस्ती होती. फरक एकाच गोष्टीत आहे. तिथे तुझे हात दुसऱ्याने धरले होते.

आत्या : आणि पक्षी काही करत नाहीत, हे तरी खरं आहे का? माळावर टिटवीच्या अंड्यांजवळून जाऊन बघ. किंचाळत डोक्यावर झेप घेते. कावळ्याचं घरटं असलं की तो माणसाला टोचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कावळा डूख धरतो म्हणतात, ते उगाच नाही.

भाची : उगाच नाहीच. अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ नावाच्या शास्त्रज्ञाने मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे काव काव करून अंगावर यायचे. तिथला अमेरिकन कावळा आपल्या गावकावळ्याहून वेगळा, पण चेहरा लक्षात ठेवण्याची त्याची ताकद सिद्ध झाली आहे.

आत्या : बघ! मीच बरोबर ठरले.

भाची : अर्धी. त्याच प्रयोगात दुसरा, ज्याने कधी कुणाला पकडलं नव्हतं असा मुखवटा होता. त्याच्याकडे कावळ्यांनी फारसं लक्षच दिलं नाही. म्हणजे कावळा वैर धरतो ते ज्याने त्रास दिला त्याच्याशी. टिटवी तर उघड्या जमिनीवर अंडी घालते. तिच्याजवळ ना काटा, ना ढोली. ओरडून, झेप घेऊन तुला हुसकणं एवढंच तिच्या हातात असतं. घरट्याच्या दिवसांत त्या वाटेने न जाणं हा शहाणपणा झाला. बारा महिने गच्चीवर न जाणं हा शहाणपणा नव्हे.

आत्या : मी प्रयत्न केला नाही असं तर म्हणू नकोस. बाईंनी सांगितलं तसं सगळं केलं. आधी कागदावर चित्रं. मग मोबाइलवर चिमण्या, आवाज बंद करून. मग आवाजासकट. देवघरात मोरपीस ठेवलं. मग शेजारच्या वस्तीवर डालग्याखाली झाकलेली कोंबडी, लांब ओट्यावरून. दर वेळी भीतीला दहापैकी आकडा द्यायचा आणि तो उतरल्याशिवाय उठायचं नाही. मी ओट्यावरून उतरले, अंगणात आले, शेवटी डालग्याच्या अगदी शेजारी बसले. बांबूच्या विणीतून तिचा डोळा दिसत होता. तुला माहीत आहे का, कोंबडी डोळा मिटते तेव्हा खालची पापणी वर येते? मला जन्मात ठाऊक नव्हतं.

भाची : कारण तू पहिल्यांदाच पक्ष्याकडे नीट पाहिलंस. आजवर तुला नुसती फडफड दिसत होती.

आत्या : आणि त्याच आठवड्यात जिन्याच्या झरोक्यातून पारवा आत घुसला. माझ्या कानाशी त्याचे पंख. मी पायरीवरच बसले. घशाला कोरड, हातपाय गार. सून धावत आली तेव्हा मला बोलताही येईना. झालं, सगळं मुसळ केरात! म्हणून मी सोडलं. जे एका पारव्याने वाहून जातं, त्याला काय उपाय म्हणायचं?

भाची : या उपायाच्या पहिल्या नोंदींपैकी एक तुला सांगते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या पोराची हकिगत लिहिली. त्याला सशाची भीती होती, आणि उंदीर, केसाळ कोट, कापूस, पीस यांचीही.   आधी सशाशी बिनधास्त खेळणारी दुसरी मुलं त्याच्यासमोर बसवायची. बरीच प्रगती झाली. मग पोराला स्कार्लेट ताप आला, तो रुग्णालयात राहिला, आणि घरी परतताना एक दांडगा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. सगळी भीती परत आली.

आत्या : मग?

भाची : मग बाईंनी पुन्हा सुरुवात केली, या वेळी त्याला आवडीचं खायला देऊन. ससा पिंजऱ्यात, दूर ठेवायचा आणि पोरगा खात असताना पिंजरा हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. आजचे संशोधक सांगतात, जुनी भीती पाटीवरच्या अक्षरांसारखी पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते, ‘जवळ बसले आणि काही झालं नाही’ अशी. थकवा, दचकणं, नवी जागा असं काही आलं की जुनी उसळी मारते. नवीचं बळ वाढवायचं, तर ती वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा तयार करावी लागते. पारव्याने तुझं शिकलेलं धुऊन नेलं नाही. त्याने एवढंच दाखवलं, की तू अंगणात शिकलीस, जिन्यात शिकायचं राहिलं.

आत्या : पीटरला काय, तो खाऊच्या नादात होता. आणि अमेरिकेतल्या पोराची गोष्ट मला कशाला?

भाची : मग नगरची सांगते. किल्ल्यातली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवले, हे तू शाळेत शिकवलंस.

आत्या : शिकवलं तर! नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं. सहलीला मुलांनाही नेलं होतं.

भाची : त्याच कैदेत काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझादही होते. त्यांनी मित्राला उद्देशून पत्रं लिहिली. ती तेव्हा धाडता येत नव्हती. पुढे १९४६ मध्ये ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’ नावाने त्यांचं पुस्तक झालं. त्यातली मार्च १९४३ मधली पत्रं चिमण्यांवर आहेत. आझादांच्या खोलीत छताला चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या आणि कचरा खाली. वैतागून मौलाना आधी छत्री घेऊन त्यांच्यामागे लागले. तेवढ्याने भागेना म्हणून बांबू घेतला.

आत्या : छत्री? म्हणजे माझ्यासारखीच!

भाची : तुझ्यासारखीच. चिमण्या हटल्या नाहीत. शेवटी त्यांनी लढाई सोडली आणि उलट धोरण धरलं. जमिनीवर तांदळाचे दाणे टाकायचे आणि पुतळ्यासारखं बसून राहायचं. चिमण्या लांबून बघायच्या, एखादी पुढे यायची, दाणा उचलून पळायची. त्यांची भीड चेपली की दाणे आणखी जवळ. असं करता करता त्या मौलानांच्या तळहातावरून दाणे खाऊ लागल्या. त्यांनी त्यांना नावंही दिली होती, कलंदर, मोती, मुल्ला. पीटरच्या सशाचं जे तत्त्व, तेच नगरच्या किल्ल्यात. तेही कुणाचं पुस्तक न वाचता.

आत्या : गोष्ट छान आहे. पण तू ती चुकीच्या बाजूने सांगतेस. घाबरलेलं कोण होतं? चिमण्या. म्हणजे या गोष्टीत मी मौलाना नाही, मी चिमणी आहे. चिमणीला कुणी समजावलं नाही, की ‘अगं, हा माणूस भला आहे.’ तिचे पाय कुणी धरले नाहीत. किती पुढे यायचं आणि कधी उडून जायचं, हे तिचं तिने ठरवलं. मौलाना फक्त हलले नाहीत. आणि तू? तू तर सारखी हलतेस! ‘आत्या, आज जिना करू, आत्या, उद्या गच्ची.’

भाची : हे मला कुठल्या पाठ्यपुस्तकाने इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

आत्या : थांब, अजून आहे. चिमणी पुढे आली ती तांदळासाठी. तिला भूक होती. माझे तांदूळ कुठले? मला पक्षी आवडत नाहीत, आणि आवडून घ्यायचेही नाहीत. तू मला नाथसागरावर रोहित पक्षी बघायला नेणार होतीस. कशासाठी? हिवाळ्यात लोक लांबून येतात, दुर्बिणी लावतात, १९८६ पासून ते अभयारण्य आहे, सगळं मान्य. त्यांना त्यात आनंद आहे. मला नाही.

भाची : रोहित राहू दे. पक्षी आवडावेत हा या उपायाचा हेतूच नाही. भीतीने बळकावलेल्या जागा परत मिळवायच्या, एवढाच आहे. म्हणून तुझे तांदूळ मी सांगू शकत नाही. तूच सांग, तुला कुठली जागा परत हवी आहे?

आत्या : घाट.

भाची : प्रवरासंगमचा?

आत्या : तुझ्या बाबांचा दहावा. माझा सख्खा भाऊ. सगळे नदीकाठी पिंडाभोवती उभे, कावळ्याची वाट बघत. आणि मी वर रस्त्यावर, गाडीच्या काचा चढवून. कावळा शिवला का नाही, हे मला कुणीतरी येऊन सांगितलं. लोकांना वाटलं, बाईला दुःख आवरत नाही म्हणून बसलीय. मला दुःखसुद्धा धड करता आलं नाही. सगळा वेळ डोळे आभाळाकडे, कुठून येतोय, कुठे बसतोय.

भाची : मी पाहिली होती गाडी. मला वाटलं, तुला एकटं राहायचंय.

आत्या : आता पित्रं येतील, वर्षश्राद्ध येईल. पान ठेवायला मला गच्चीवर जायचंय. कावळा येईल, त्याचं तो खाईल. मी पळून खाली येता कामा नये, एवढंच. हे माझे तांदूळ. आणि दुसरे आमच्या घरातच आहेत. परवा खिडकीबाहेर कावळा ओरडला. माझ्या आधी नातू ओरडला आणि माझ्या पदरात शिरला. त्याच्या अंगावर कधी कुठला पक्षी उडालेला नाही. त्याने ते कुठून घेतलं?

भाची : तुझ्याकडे बघून. सुसान मिनेका या संशोधक बाईंनी माकडांवर हेच तपासलं होतं. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. जंगलात वाढलेलं माकड सापापुढे घाबरताना त्यांना दाखवलं, तर तीही घाबरू लागली. पण दुसरी बाजू फार आशेची आहे. ज्या माकडांना आधी सापाजवळ निवांत असलेलं माकड दाखवलं होतं, त्यांपैकी बहुतेकांना नंतर ती भीती लागली नाही. म्हणजे नातवासमोर तू खिडकीत पुन्हा पुन्हा शांत उभी राहिलीस, तर त्याची भीती घट्ट होण्याआधीच थोपवता येईल.

आत्या : शांत नसले तरी? आतून घाबरलेली असले तरी?

भाची : तरी चालेल. तो पाय बघतो, हात बघतो. तू पळालीस का थांबलीस, हे बघतो.

आत्या : मग माझ्या अटी ऐक. किती जवळ जायचं, हे मी ठरवणार. कुणी अचानक काही समोर आणायचं नाही, गमतीनेसुद्धा नाही. तू ते एका बैठकीत भीती जाते म्हणत होतीस, ते मला नको.

भाची : स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्टने १९८९ मध्ये मांडलेली पद्धत ती. फार तर तीन तासांची एकच बैठक असते, आणि अनेकांना तिचा उपयोग झालेला आहे. पण तीसुद्धा प्रशिक्षित तज्ज्ञाकडे, रुग्णाची संमती घेत घेतच करतात. तुला नको, तर नको. माझी मात्र एक अट आहे.

आत्या : कोणती?

भाची : छत्री. उन्हापावसात घे. पण पायऱ्या चढताना ती हातात नको. छत्री असली की मन म्हणणार, ‘छत्रीने वाचवलं.’ श्रेय तुला मिळालं पाहिजे, तिला नको. आणि जिथे आकडा चढलेला असेल तिथून उठून पळायचं नाही. मागे सरकायचं असेल तर एक पाऊल सरक. घरात येऊन दार लावायचं नाही.

आत्या : पाऊल मागे घेतलं तर चालेल?

भाची : चिमण्याही घ्यायच्या.

आत्या : बाईंना फोन लाव. सांग, जिन्यापासून सुरुवात करायची आहे. आणि हेही सांग, की मी पक्षीप्रेमी होणार नाहीये.

दोघींचे सगळे मतभेद मिटलेले नाहीत. या वयात एवढा खटाटोप करणं प्रत्येकाला जमेलच असं नाही, हे आत्याचं म्हणणं खरं आहे. ज्याला आपल्या भीतीसह सुखाने राहता येतं, त्याच्यामागे लागण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण भीती जेव्हा भावाच्या दहाव्याला गाडीत बसवते आणि नातवाच्या अंगात उतरू लागते, तेव्हा ती एकट्याची खासगी बाब राहत नाही, हे भाचीचं म्हणणंही तितकंच खरं आहे. त्या वेळी उपाय आहे. तो शंभर वर्षं तपासलेला आहे, आणि उतारवयातही लागू पडू शकतो.

घराघरांतल्या मोठ्यांना एक कळकळीची विनंती. पक्ष्याला, कुत्र्याला, पालीला घाबरणारं मूल तुमच्या घरात असेल, तर त्याची भीती मोडण्यासाठी तो जीव त्याच्या अंगावर टाकू नका, त्याचे हात धरू नका आणि त्याला हसू नका. तुम्ही त्या जिवाजवळ निवांत बसा, आणि मुलाला लांबून बघू द्या. ते आपणहून एक पाऊल पुढे येईल, त्या पावलाचं कौतुक करा. भीती मोठेपणी जगणं अडवू लागली असेल, तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे जाण्यात कसलीही लाज नाही. कुठे जायचं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तिथे मराठीत बोलता येतं.